गप्प झालेलं चाक

डॉक्टर प्रियदर्शनी शाहूपुरीतल्या संयोगिताबाईंच्या ऑफिसात आली ती रिक्षानं. हातात मात्र मोटारीची किल्ली होती, आणि ती तिनं इतकी घट्ट आवळली होती की तळहातावर किल्लीचे दात उमटले होते.

कृष्णातनं तिला खुर्ची दिली, पाणी दिलं. एस.टी.त तीस वर्षं कंडक्टरकी केल्यामुळे विनातिकीट कोण, हे त्याला चेहऱ्यावरून कळायचं. घाबरलेलं माणूस कशाला घाबरलंय, हे मात्र त्याला विचारूनच कळायचं. म्हणून विचारायचं काम संयोगिताबाई करत. मोटार अपघातांचे विम्याचे दावे तपासण्यात त्यांची पंचवीस वर्षं गेली होती. आता त्या स्वतःचं तपासाचं काम करत आणि कृष्णात त्यांच्याबरोबर फिरे.

"मी जनावरांची डॉक्टर," ती म्हणाली. "वडणग्याला राहते. रोज पन्हाळ्याचा घाट चढून वरच्या गावांत जाते. गाडी माझ्या वडिलांची, वीस वर्षं जुनी. काल घाट उतरताना ब्रेक दाबला आणि गाडी थांबलीच न्हाय. डावीकडं ओढत गेली. कठड्याला घासून थांबली, म्हणून आज इथं बसलेय. गाडी ओढून आणून दारात लावलीय."

"त्याआधी काही आवाज?"

"तेच तर सांगायचंय." तिनं पर्समधून जनावरांच्या नोंदींची वही काढली. "गेल्या सोमवारी पुढचं डावं चाक ओरडायला लागलं. ब्रेक दाबला की किंचाळायचं, अंगावर काटा यायचा. मंगळवारी सकाळी गाडी काढली तर आवाज गायब. तशीच जयसिंगच्या गॅरेजला नेली. तो म्हणाला, आवाजच न्हाय तर बघू काय? बुधवारी ब्रेक दाबला की गाडी उजवीकडं ओढायला लागली. मला वाटलं टायरात हवा कमी असंल. दोन-तीन दिवसांत आपोआप बरं झालं. मग परवा उजवं चाक ओरडायला लागलं. काल सकाळी तेपण गप्प. आणि काल दुपारी हे असं."

"म्हणजे संध्याकाळी ओरडत घरी येते आणि सकाळी गप्प निघते. रात्री गाडी कुठे असते?"

"दारातच. गोठ्याला लागून."

"घरात कोण कोण?"

"मी, माझे मिस्टर आणि सासरे." एवढं बोलून ती थांबली. कृष्णातला वाटलं, संपलं सांगून. पण वही तिनं मिटली नव्हती.

तेवढ्यात तिचा फोन वाजला. पलीकडे कुणीतरी शेतकरी होता आणि त्याची म्हैस अडली होती. "ओरडतीय न्हवं? मग भिऊ नका," ती सवयीनं म्हणाली. "गप्प बसली की लगेच मला फोन करा." फोन ठेवून तिनं वर बघितलं, तर संयोगिताबाई तिच्याकडे टक लावून बघत होत्या.

"आता राहिलेलं सांगा, डॉक्टर."

आणि मग तिचा बांध फुटला. "काल पहाटे मला जाग आली. खिडकीतनं बघितलं तर हे मोबाईलचा उजेड करून त्या उजव्या चाकापाशी उकिडवे बसलेले. मी विचारलं न्हाय. धाडसच झालं न्हाय. महिनाभर माझ्या मागं लागलेत, ही गाडी सोड, घाटातलं काम सोड म्हणून. बाई, बारा वर्षं झाली आमच्या लग्नाला. काल रात्री मी त्यांच्याशेजारी डोळे उघडे ठेवून पडले होते. तुम्ही बाकी काही सांगू नका. आज रात्री मी त्या घरात झोपू का नको, एवढंच सांगा."

कृष्णातनं वर भिंतीकडे बघितलं. घड्याळात तीन वाजले होते.

"चला," संयोगिताबाई उठल्या. "अंधार पडायच्या आत सांगते."

त्यांची स्वतःची गाडीही काही कालची नव्हती. वळणावर ब्रेक दाबला की तीही आठवडाभर चिरकत होती, आणि आठवडाभर कृष्णात गॅरेज, गॅरेज करून बाईंचं डोकं खात होता. आज तर प्रत्येक सिग्नलला तो डोळे मिटत होता. मागच्या सीटवर प्रियदर्शनी आवाज झाला की अंग चोरत होती.

जयसिंगचं गॅरेज वडणग्याच्या रस्त्यालाच होतं. माणूस चाळिशीचा, हात कोपरापर्यंत काळे. डॉक्टरीणबाईंना बघून तो उठून उभा राहिला.

"तुमच्या मिस्टरांचा, सरांचा फोन आलता," तो म्हणाला. "उद्या सकाळी पोलिसात देतो म्हणालेत मला. बाई, आमच्या आईची शपथ घिऊन सांगतो, मी त्या ब्रेकला हातबी लावल्याला न्हाय."

"तेच विचारायचंय," संयोगिताबाई म्हणाल्या. "मंगळवारी गाडी आणली तेव्हा चाक खोललं होतंस?"

जयसिंगनं मान खाली घातली. "न्हाय. आवाज न्हवता, म्हटलं डॉक्टरीणबाईंना भास झाला असंल. खोलाय पायजे हुतं. तेवढं माझं चुकलं."

"मला सांग, असं चाक ओरडतं कशानं?"

"चाकाच्या आत लोखंडी तबकडी असती, बाई. ब्रेक दाबला की तिला दोन्ही अंगानं पॅड चिमटतात. पॅड झिजून संपाय आलं की त्येच्यावरची पत्र्याची जीभ तबकडीला घासती. मुद्दाम ठेवल्याली असती ती, माणसाला कळावं म्हणून."

"आणि ती आपली आपण गप्प बसते?"

"पॅड बदलल्याबिगर? एका रातीत? कशी बसंल?" जयसिंग स्वतःच विचारात पडला.

बाईंनी फळीवरचा ग्रीसचा डबा उघडला. लाल, लोण्यासारखं ग्रीस. बोटावर घेऊन त्यांनी वास घेतला, कृष्णातलाही दिला. रॉकेलसारखा वास होता. कृष्णातनं मान हलवली, पण कशासाठी हलवली हे त्याचं त्यालाच ठाऊक नव्हतं.

"जॅक आणि पाना घे. आमच्याबरोबर चल."

"पोरंबाळं हायत मला, बाई."

"म्हणूनच चल."

गाडीत बसता बसता जयसिंग म्हणाला, "तुमचंबी पुढचं डावं बोंबलतंय की."

"माहीत आहे. आजचा दिवस बोंबलू दे."

घर रस्त्याला लागून होतं. पुढे फरशीचं अंगण, एका बाजूला दोन म्हशींचा गोठा, गोठ्याच्या छपराखाली, चाकं जमिनीला टेकू नयेत म्हणून दगडांवर चढवलेली एक जुनी बैलगाडी. तिच्याशेजारी बाजेवर पांढरा फेटा बांधलेले म्हातारबाबा बसले होते. बाईंनी ब्रेक दाबला, गाडी चिरकली, आणि कुणी उतरायच्या आत म्हाताऱ्याचा आवाज आला, "पावणं, पुढचं डावं ओरडतंय तुमचं!"

"हे आबा. माझे सासरे," प्रियदर्शनी हळूच म्हणाली. "चौऱ्याऐंशी पूर्ण झालीत."

घरातून तिचा नवरा धैर्यशील आला. हायस्कुलात शिकवणारा, शिडशिडीत, डोळ्यांखाली काळी वर्तुळं. जयसिंगला बघताच त्याचा तोल गेला.

"ह्याला कशाला आणलंय? माझी बायको मरता मरता वाचलीय ह्याच्यामुळं!"

"सर, मला एक सांगा," संयोगिताबाई मधे पडल्या. "काल पहाटे तुम्ही त्या चाकापाशी काय करत होता?"

तो पांढरा पडला. प्रियदर्शनीनं तोंड फिरवलं. कृष्णात नकळत दाराच्या बाजूला सरकला, वेळ आलीच तर वाट अडवायला.

"तेल गळत होतं," धैर्यशील शेवटी म्हणाला. "धारा काढायला उठलो, तर चाकाखाली काळे ठिपके. मला वाटलं ब्रेक ऑइल. फोटो काढला." त्यानं मोबाईल पुढे केला. फरशीवर काळे, चिकट थेंब, आणि त्यात राखाडी कणी. "दिवाळीत मी जयसिंगला चारचौघांत टाकून बोललो होतो. मला वाटलं, त्याचा राग धरून ह्यानं काहीतरी केलंय."

"बायकोला सांगितलं नाहीत?"

"ती घाबरली असती. म्हटलं, संध्याकाळी दुसऱ्या मेकॅनिकला दाखवू. तोवर ती घाटात गेली होती." त्याचा आवाज फुटला. "तिला जाऊ द्यायला नको होतं मी."

खरं बोलत होता की नाटक करत होता? कृष्णातला ठरवता येईना. त्याच्या मते जयसिंगही खरं बोलत होता, आणि दोघंही खरं बोलत असतील तर मग चाकाला काय भुतानं हात लावला? त्या विचारानं त्याच्या मानेवरचे केस उभे राहिले. आधार म्हणून तो मागच्या बैलगाडीच्या चाकाला टेकला, तर चाक गर्रकन फिरलं आणि तो शेणात बसला.

"जपून, पावणं," आबा म्हणाले. "पंधरा वर्सं बैल न्हाईत तिला, पर चाक कसं फिरतंय बघा. जरा कुरकुरत न्हाय."

"गाडी जपलीय तुम्ही," संयोगिताबाई त्यांच्याजवळ गेल्या.

"जपाय लागतंय की. हिच्यावरनंच आमची चिमणाबाई गेली. ह्येची आई." त्यांनी धैर्यशीलकडे बोट दाखवलं. "ऊस घिऊन चाललतो, उताराला. तवापास्नं मी कान झाकून झोपल्यालो न्हाय." मग त्यांनी सुनेकडे बघितलं. "घाबरलीस व्हय गं, पोरी? तुझा बा बी असाच हळवा हुता."

प्रियदर्शनी त्यांच्या बाजेला टेकून उभी राहिली. या घरात तिला तेवढाच एक आसरा वाटत होता, हे कृष्णातला तिच्याकडे बघून कळलं.

संयोगिताबाईंनी तारेच्या टोकाला पांढरं फडकं गुंडाळलं आणि डॉक्टरांच्या गाडीच्या उजव्या चाकाच्या भोकातून आत घातलं. बाहेर आलं ते काळं होऊन. त्यांनी ते कृष्णातच्या नाकाशी धरलं. त्याला एकदम मळमळलं. का, ते कळेना. डोळ्यांसमोर उगाच रविवारची सकाळ आली. आई एका हातानं त्याचं नाक दाबतेय, दुसऱ्या हातात चमचा आहे आणि तो पळायला बघतोय.

"काय झालं?"

"काय न्हाय, बाई. आई आठवली."

त्यांनी फडकं घडी करून पर्समध्ये टाकलं. मग त्यांनी आपली गाडी बाजेशेजारच्या सावलीत लावली, पुढचं डावं चाक बाजेकडे करून. "चहा होईल का? आत बसून घेऊ. सगळे या. जयसिंग, तूही."

"आबा चहा घेत न्हाईत," प्रियदर्शनी म्हणाली.

"मग त्यांना बसू द्या."

कृष्णातचा चहा कपातच गार झाला. नवरा एका कोपऱ्यात, बायको दुसऱ्या, मधे जयसिंग जमिनीकडे बघत बसलेला. प्रियदर्शनीनं स्वतःच्या कपाला ओठसुद्धा लावला नाही, आणि धैर्यशीलनं ते बघितलं. ती आपल्याच घरातला चहा प्यायला घाबरते आहे हे त्याला तेव्हा कळलं. त्यानं आपला कपही खाली ठेवला आणि दोन्ही हात गुडघ्यांत धरून बसला. अशी वीस मिनिटं गेली. संयोगिताबाई तेवढ्या निवांत घोट घेत होत्या.

"कृष्णातराव," त्या शेवटी म्हणाल्या, "आपली गाडी अंगणातल्या अंगणात फिरवून आणा."

सगळे ओसरीवर येऊन उभे राहिले. कृष्णात स्टिअरिंगवर बसला. गाडी चालवायला तो निवृत्त झाल्यावर शिकला होता, आणि शिकवणारा म्हणाला होता की भीती गेली की हात बसेल. ती अजून जायची होती. त्यानं गाडी वळवली, गोठ्यासमोर आला आणि ब्रेक दाबला.

आवाज आला नाही.

गाडीही थांबली नाही. ती उजवीकडे ओढत सरळ म्हशीच्या दावणीकडे निघाली. कृष्णातनं दोन्ही पाय ब्रेकवर ठेवले आणि ओरडला. म्हशीच्या नाकापासून हातभर अंतरावर गाडी थांबली. म्हशीनं त्याच्याकडे बघून कान हलवले.

"बाई! गप्प झालं!" तो दार उघडं टाकून खाली उतरला. "आपलं चाक गप्प झालं!"

"हो," संयोगिताबाई म्हणाल्या. "आणि आम्ही सगळे आत होतो."

एकेकाचं डोकं बाजेकडे वळलं. आबा शांतपणे बसले होते. त्यांच्या धोतराच्या काठाला काळा डाग पडला होता.

"डॉक्टर, आवाज कुठल्या दिवशी झाला ते तुम्ही लिहून ठेवलंत आणि त्यालाच भ्यालात. खरी भीती होती गप्प दिवसांची. अडलेल्या म्हशीबद्दल तुम्हीच फोनवर सांगितलंत. तुमच्या गाडीचे पॅड संपत आले होते. ती ओरडत होती, म्हणजे शाबूत होती. तिला कुणीतरी गप्प केलं.

"कुणाला जीव घ्यायचा असता तर त्यानं ब्रेकची नळी कापली असती, निदान दोन्ही चाकं बिघडवली असती. इथे काय झालं? डावं ओरडलं, तर डाव्यालाच तेल. म्हणून ते धरेना आणि गाडी उजवीकडे ओढली. उजवं ओरडलं, तर उजव्यालाच तेल, आणि गाडी डावीकडे गेली. तेल आवाजाच्या मागे मागे फिरत होतं. त्या माणसाला ब्रेक घालवायचे नव्हते, फक्त आवाज घालवायचा होता. दोन-तीन दिवसांत तेल जळून गेलं की गाडी पुन्हा बरी व्हायची.

"तेल कुठलं? जयसिंगचं ग्रीस लाल आहे, त्याला रॉकेलसारखा वास येतो. चाकातलं काळं आहे, त्यात राख आहे. आणि त्याचा वास आला तर कृष्णातरावांना नाक दाबणारी आई आठवली."

"एरंडेल!" कृष्णात ओरडला. "जुलाबाचं एरंडेल!"

"एरंडेल आणि राख. बैलगाडीच्या आखाला घालतात ते वंगण. पंधरा वर्षं बैल नसलेल्या गाडीचं चाक आवाज न करता फिरतं, ते कुणीतरी त्याला आजही वंगण घालतं म्हणून. आणि ज्या माणसाला आम्ही उतरायच्या आत आमचं कुठलं चाक ओरडतंय हे कळतं, त्याला सुनेचं चाक रोज ऐकू येत असणार. म्हणून मी आमची ओरडणारी गाडी मुद्दाम त्यांच्या बाजेशेजारी लावली."

धैर्यशीलनं गोठ्याच्या वाशाला टांगलेलं बांबूचं नळकं काढलं. त्यात चिंधी गुंडाळलेली काठी होती. काळी आणि ओली.

"व्हय, म्याच घातलं," आबा म्हणाले. त्यांना अजून उमजलं नव्हतं. "चाक ओरडाय लागलं तर घालाय नगो? पोरगी रोज उतारानं येती. कुणाच्या ध्यानात येत न्हाय, म्हनून म्याच रोज कान दिऊन बसतो."

हे त्यांना सांगायचं कुणी? शेवटी जयसिंग त्यांच्यापुढे जाऊन बसला. "आबा," तो म्हणाला, "गाडीचा आख असतोय त्यो वेगळा. ह्ये चाक थांबवायचं यंत्र हाय. त्येला तेल लागलं की त्ये धरत न्हाय."

म्हाताऱ्यानं सुनेकडे बघितलं. मग गाडीच्या घासलेल्या पत्र्याकडे. मग आपल्या हातांकडे.

"त्या दिशी बी आख ओरडत हुता," ते पुटपुटले. "चिमणी म्हनली, थांबा, वंगण घाला. म्या म्हनलो, उतार उतरून घालू. उतारालाच आख मोडला. तवापास्नं चाक ओरडलं की मला तीच ओरडल्यागत वाटतं. म्हनून ह्या घरात म्या एक चाक ओरडू दिलं न्हाय. आन तुला म्याच..." त्यांचं अंग गदगदायला लागलं. ते भ्याले होते. चौऱ्याऐंशी वर्षांचा माणूस इतका भ्यालेला कृष्णातनं कधी बघितला नव्हता.

प्रियदर्शनी धावली. तिनं त्यांचे काळे हात आपल्या हातात घेतले. "आबा, माझ्याकडं बघा. मी हाय न्हवं? काय झालं न्हाय मला." ती रडत होती, आणि कितीतरी दिवसांनी तिला मोकळं रडता येत होतं. "तुमच्याएवढा कान कुणाला हाय? तुम्ही ऐकायचं सोडायचं न्हाय. ओरडली की मला सांगायचं. तेल घालायचं न्हाय, सांगायचं."

धैर्यशील मागे उभा होता, हात लावू का नको अशा विचारात. तिनं त्याच्याकडे न बघताच एक हात मागे केला आणि त्यानं तो धरला.

"माझ्यावर संशय होता तुझा," तो म्हणाला.

"होता. तुम्ही पण माझ्यापासनं लपवलंत."

मग धैर्यशील जयसिंगकडे वळला. सगळ्यांच्या देखत हात जोडले आणि दिवाळीच्या आणि आजच्या, दोन्ही बोलण्यांची माफी मागितली. जयसिंगला ते भलतंच अवघड गेलं. तो घाईघाईनं जॅक लावायला लागला. डॉक्टरांच्या गाडीचे पॅड त्यानं काढूनच टाकले, नवे बसेपर्यंत ती हलायची नव्हती. बाईंच्या गाडीची तबकडी धुतली, पॅड काचकागदानं घासले आणि बजावलं, "उतार न्हाय, सपाट रस्ता हाय. सायकलीच्या चालीनं जावा. उद्या सकाळी नवी घालतो."

दिवस मावळायला आला होता. प्रियदर्शनी दारापर्यंत आली. तिनं काही विचारायच्या आत संयोगिताबाईंनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. "झोपा," त्या म्हणाल्या. "गाढ झोपा."

कृष्णातनं गाडी काढली. वीस पावलांवर, रस्त्याला लागायच्या आधी, त्यानं भीत भीत ब्रेक दाबला. गाडी थांबली, आणि थांबताना अशी किंचाळली की गोठ्यातल्या म्हशी उठल्या.

आरशात त्याला बाज दिसली. आबांचे दोन्ही हात कानांकडे गेले होते. ते तसेच अर्ध्यावर थांबले. मग म्हाताऱ्यानं ते सावकाश खाली घेतले आणि गुडघ्यांवर घट्ट दाबून धरले.

"ओरडतीय, पावणं!" त्यांचा कापरा आवाज आला. "ओरडतीय न्हवं? मग जावा."